प्रिस्क्रिप्शनवर चालणं लिहा: फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

माझ्या फॅमिली डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

स. न. वि. वि.

हे सगळं आपल्या असोसिएशनच्या मासिक सभेत बोलता आलं असतं. पण तिथे जेवणाआधीचं व्याख्यान बहुतेक वेळा औषध कंपनी ठरवते, आणि चालण्याची कुठलीच कंपनी नाही. शिवाय हे पत्र पेशंटांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. वाचून त्यांनी तुमच्या टेबलासमोर चार प्रश्न जास्त विचारले, तर राग माझ्यावर काढा, त्यांच्यावर नको.

विषय सीआरपीचा आहे, म्हणजे अंगात दाह (इन्फ्लमेशन) असला की रक्तात वाढणाऱ्या सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीनचा, आणि व्यायामाचा. कोविडआधी सीआरपी हा शब्द आपण आणि लॅबवाले सोडले तर कुणाच्या तोंडी नव्हता. २०२० आणि २०२१ मध्ये तो घराघरात पोचला. सॅच्युरेशन किती, स्कोअर किती, सीआरपी किती, हे तीन प्रश्न फोनवर सगळे नातेवाईक विचारायचे. साथ ओसरली, शब्द राहिला. आता तो फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमधून येतो. सकाळी घरी येऊन रक्त नेतात, संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ पडते आणि त्यात एक आकडा लाल रंगात असतो. दुसऱ्या दिवशी पेशंट दारात. "डॉक्टर, माझ्या रक्तात इन्फेक्शन निघालंय." ताप नाही, खोकला नाही, लघवीला जळजळ नाही, भूक उत्तम. एचएस-सीआरपी, म्हणजे सीआरपीची बारीक वाढही टिपणारी चाचणी, ४.६.

अशा पेशंटांच्या फायली माझ्याकडे दुसरं मत घ्यायला येतात तेव्हा त्यात काय असतं ते सांगतो. पाच दिवसांचं अँटिबायोटिक. सूज उतरवणारी म्हणून एंझाइमची गोळी. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, महिनाभर. सगळ्यात खाली, कागद संपता संपता, एकच ओळ: डाएट, एक्सरसाइज. ना किती, ना कधी, ना किती दिवस. पॅरासिटामॉल लिहिताना आपण मिलिग्रॅम लिहितो, दिवसातून किती वेळा ते लिहितो, जेवणाआधी की नंतर तेही लिहितो. व्यायाम मात्र 'शुभेच्छुक'सारखा तळाशी.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की या पेशंटसाठी तळातली ती ओळ हेच मुख्य औषध आहे, आणि ते औषधासारखं लिहिलं पाहिजे.

आधी त्या आकड्याबद्दल. सीआरपी १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. न्यूमोकोकसच्या आवरणालगतच्या 'सी' नावाच्या शर्करेला ते चिकटतं, म्हणून सी-रिअॅक्टिव्ह. ते यकृतात तयार होतं आणि त्याची ऑर्डर मुख्यतः इंटरल्यूकिन-६ हा दाहाचा निरोप्या रेणू देतो. रक्तातलं निम्मं सीआरपी साधारण १९ तासांत नाहीसं होतं, त्यामुळे आकडा सतत वर दिसत असेल तर कुठून तरी ऑर्डर सतत चालू आहे असं समजायचं. जोरदार जंतुसंसर्गात हा आकडा अनेकदा शंभराच्या पुढे जातो. आपल्या लाल रंगातल्या ४.६ ची जात वेगळी. हा मंद, धुमसता दाह. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि सीडीसी ही अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था यांनी २००३ मध्ये हृदयविकाराच्या जोखमीसाठी पट्टे ठरवले, ते आपल्याला पाठ आहेत: लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर असेल तर दुसरं काही कारण शोधा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा करा. यात रिपोर्टवरचं एकक बघायला विसरू नका. काही लॅब लिटरमध्ये देतात, काही डेसिलिटरमध्ये, आणि दहापटीच्या त्या फरकावर माणसं रात्रभर जागतात.

आकडा वर असला तर पेशंटला आधी तोंड उघडायला सांगा, ही माझी आग्रहाची विनंती. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका अजून कमी नाहीत, आणि हिरड्यांतून पू येत असताना 'बाकी काही त्रास नाही' असं सांगणारे पुरुषही. हिरड्यांचा जुना आजार सीआरपी वर ठेवतो. बिडी-सिगारेट ठेवते. गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि पाळी गेल्यावरच्या हार्मोनच्या गोळ्यांनीही तो वाढतो. रविवारी मॅरेथॉन धावून आलेल्याचं रक्त सोमवारी घेतलं तरी वाढलेला दिसतो. हे सगळं वगळलं की उरतं ते पोट.

परवा एक शिक्षिका आल्या होत्या. पन्नाशीच्या अलीकडच्या, वजन ५८ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) २३. "मी काही जाड नाही हो," त्या म्हणाल्या, आणि दिसायला खरंच नव्हत्या. बेंबीच्या पातळीवर टेप लावली तर ९१ सेंटिमीटर. भारतीय बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० धरतात, पुरुषांसाठी ९०. त्यांच्या फायलीत सोळा पानी रिपोर्ट होता, बत्तीस-तेहतीस तरी आकडे होते आणि हा एक आकडा नव्हता. टेपला पन्नास रुपयेही पडत नाहीत.

हा प्रकार आपल्याकडे किती नेहमीचा आहे हे दाखवणारा जगातला सगळ्यात प्रसिद्ध फोटो पुण्याशी जोडलेला आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. केईएमचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक सरांची २१.२ टक्के. स्वतःच्या पोटावरून सबंध उपखंडाचं दुखणं जगाला समजावून सांगायला मोठं मन लागतं. काट्यावर सडपातळ आणि आतून मेदयुक्त, ही आपली ठेवण. आतड्यांभोवतीची ही चरबी नुसती पडून राहत नाही. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ अल्फा हे दाह भडकवणारं प्रथिन बाहेर पडताना सापडलं, आणि २००३ मध्ये दिसलं की लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी घुसून ठाण मांडतात. त्या पेशी आणि चरबी मिळून यकृताला दाहाचे निरोप धाडत राहतात. यकृत सीआरपी बनवतं. इन्सुलिनचं काम बिघडतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. हा दाह नुसता साक्षीदार नाही, गुन्ह्यात सामील आहे, हे २०१७ च्या कँटॉस चाचणीनं दाखवलं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेल्या दहा हजारांवर रुग्णांना कॅनाकिनुमॅब हे दाह दाबणारं औषध किंवा पोकळ (औषध नसलेलं) इंजेक्शन दिलं. औषध मिळालेल्यांचं कोलेस्टेरॉल हललं नाही, तरी पुढचे झटके कमी झाले. मात्र त्याच गटात जंतुसंसर्गानं झालेले मृत्यूही थोडे जास्त होते. दाह पुरता दाबून टाकला की शरीर त्याची किंमत वसूल करतं.

आता स्नायूंकडे येऊ. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण आपण एमबीबीएसला शिकलो तेव्हा स्नायू म्हणजे हाडं हलवणारं मांस, एवढंच होतं.

कोपनहेगनमध्ये बेंटे क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००० च्या सुमारास एक विचित्र गोष्ट दिसली. व्यायाम करताना रक्तात इंटरल्यूकिन-६ वाढतं, मॅरेथॉनसारख्या श्रमानंतर तर शंभर पटीपर्यंत, आणि ते येतं चक्क आकुंचन पावणाऱ्या स्नायूंतून. म्हणजे ज्या निरोप्याला आपण दाहाचा खलनायक म्हणत होतो, तोच व्यायामात सोडला जातो. मग व्यायामानं दाह वाढायला हवा. घडतं उलट. स्नायूंतून आलेलं हे इंटरल्यूकिन-६ काही तास वर जातं आणि खाली येतं, आणि त्याच्या मागोमाग इंटरल्यूकिन-१० आणि इंटरल्यूकिन-१ ला अडवणारा रेणू ही दाह शमवणारी जोडी वाढते. चरबीतून रात्रंदिवस ठिबकणारं इंटरल्यूकिन-६ आणि स्नायूंतून काही तास उसळणारं इंटरल्यूकिन-६, रेणू तोच, परिणाम वेगळा. असल्या स्नायूंनी सोडलेल्या रेणूंना याच लोकांनी 'मायोकाइन' हे नाव दिलं.

तिथलाच २००३ चा प्रयोग मला फार आवडतो. काही निरोगी पुरुषांना जंतूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन अगदी थोडं टोचलं, म्हणजे शरीराला खोटाच संसर्ग झाला असं वाटावं. ते बसून असताना त्यांच्या रक्तात टीएनएफ दुप्पट-तिप्पट झालं. हेच पुरुष टोचण्याआधी अडीच तास सायकल मारत होते तेव्हा ते वाढलंच नाही. व्यायाम न करता नुसतं इंटरल्यूकिन-६ शिरेतून दिलं तेव्हाही वाढलं नाही. एवढा सुबक पुरावा आपल्या धंद्यात क्वचित मिळतो.

दुसरा प्रयोग २०१९ चा, आणि त्यातलं औषध आपल्या ओळखीचं आहे. टोसिलिझुमॅब! दुसऱ्या लाटेत ज्या एका कुपीसाठी नातेवाईक रात्री दोन वाजता फोन करत होते तीच. ते इंटरल्यूकिन-६ ला बसायची जागा बंद करतं. पोट सुटलेल्या माणसांना बारा आठवडे सायकलिंग करायला लावलं, काहींना सोबत टोसिलिझुमॅब, काहींना पोकळ औषध. पोकळ औषधवाल्यांची पोटातली चरबी उतरली. टोसिलिझुमॅबवाल्यांची, तेवढाच घाम गाळून, उतरली नाही. पोटातल्या चरबीला बाहेरचा रस्ता दाखवण्याच्या कामात स्नायूंचा हा निरोप हवाच असतो. म्हणून माझा आपल्या 'वजन उतरलं का?' या प्रश्नावर राग आहे. काटा तिथेच राहूनही आतली चरबी उतरू शकते. काटा बघून पेशंट निराश होतो आणि चालणं सोडतो. टेप बघितली असती तर सोडलं नसतं.

पण जेवढं खरं तेवढंच सांगू. व्यायाम केला की सीआरपी उतरेलच, असं वचन पेशंटला देऊ नका. २०१० मध्ये इन्फ्लेम नावाच्या चाचणीत सीआरपी वाढलेल्या, बैठ्या लोकांना चार महिने व्यायाम करायला लावला. सरासरी सीआरपी हललं नाही. ज्यांचं वजन उतरलं त्यांचंच उतरलं. चार महिने प्रामाणिकपणे चाललेल्या बाईला पुन्हा लाल आकडा दाखवून आपण तिचा उत्साह मोडायचा, हा कुठला न्याय? तिच्या स्नायूंनी साखर ओढायला सुरुवात केलेली असते, रक्तदाब खाली आलेला असतो, झोप सुधारलेली असते. लांब पल्ल्याचं चित्र मात्र आशा वाटावी असं आहे. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात चार हजारांवर माणसांकडे दहा वर्षं लक्ष ठेवलं. आठवड्याला अडीच तासांचा व्यायाम टिकवणाऱ्यांचं सीआरपी आणि इंटरल्यूकिन-६ दोन्ही न करणाऱ्यांपेक्षा कमी राहिलं, आणि मधेच सुरू करणाऱ्यांनाही फायदा दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, प्रयोग नव्हे, हे आपल्याला कळतं. तरी दहा वर्षं म्हणजे चार महिने नव्हेत.

उलट दिशेनं मात्र फार वेळ लागत नाही. रोज दहा हजार पावलं चालणाऱ्या तरुण, धडधाकट पुरुषांना २००८ च्या एका डॅनिश प्रयोगात दीड हजारांच्या आत राहायला सांगितलं. लिफ्ट वापरा, गाडीनं जा, एवढंच. दोन आठवड्यांत त्यांच्या पोटातली चरबी सात टक्क्यांनी वाढली आणि इन्सुलिनची धार बोथट झाली. 'पंधरा दिवस पूर्ण विश्रांती' असं आपण कंबरदुखीला, गुडघेदुखीला, कशालाही लिहितो. ते लिहिताना हा प्रयोग आठवावा. संधिवाताच्या पेशंटला तर घरचेही हलू देत नाहीत. "आई, तू बस, मी करते." युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्येच लिहून ठेवलं आहे की ऱ्हुमॅटॉइड असो, कण्याचा असो की गुडघ्यांची झीज, शारीरिक हालचाल हा उपचाराचाच भाग आहे.

आता लिहायचं कसं. त्या शिक्षिकेच्या कागदावर मी असं लिहिलं: दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर १५ मिनिटं चालणं, रोज. सोमवार, बुधवार, शनिवार २५ मिनिटं भराभर चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं. मंगळवार, शुक्रवार खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठबस, दहादहाच्या दोन फेऱ्या, आणि भिंतीला हात लावून जोर. लागोपाठ दोन दिवसांहून जास्त खंड नको. सहा आठवड्यांनी कंबर मोजायला येणे. औषध एकही नाही. त्या बाईंनी कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं माप यात बसतं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारं काम. सलग दहा मिनिटं झालीच पाहिजेत ही जुनी अट आता नाही. पाच मिनिटांचा जिनाही धरला जातो. ताकदीचं काम आपण सगळ्यात जास्त विसरतो, विशेषतः बायकांच्या आणि साठीपुढच्यांच्या बाबतीत. मायोकाइन सोडायला मुळात स्नायू शिल्लक पाहिजेत ना.

"दिवसभर उभीच असते की मी वर्गात!" हे त्या शिक्षिका म्हणाल्याच. घरकामाचंही तेच ऐकू येतं. उभं राहणं बसण्यापेक्षा बरं, एवढंच त्याचं मोल. ओट्यापाशी दोन तास दमणं वेगळं आणि दम लागणं वेगळं. जगभरच्या आकडेवारीवर २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या लेखात भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं निघालं, आणि बायकांत हे प्रमाण ५७ टक्के आहे, पुरुषांत ४२. दिवसभर राबणाऱ्या बायकांच्या देशात हा आकडा आहे. तेव्हा 'व्यायाम करा' एवढ्यावर न थांबता 'कुठे आणि किती वाजता चालणार?' हेही विचारा. माझ्या तालुक्याच्या गावात हायवेच्या कडेला सकाळी ट्रक असतात, आतल्या गल्लीत कुत्री असतात आणि रात्री दिवे नसतात. शिक्षिकेनं शाळेचं मैदान निवडलं, शाळा सुटल्यानंतर, शिपाई कुलूप लावेपर्यंत. कुणी गच्ची निवडतं. एका आजींनी देवळाला प्रदक्षिणा निवडल्या, त्यात पुण्यही मिळतं. शेतकऱ्याला काय सांगायचं, असं काही जण विचारतात. रोजंदारीवर खुरपणाऱ्या बाईला काही सांगू नका, तिला विश्रांती आणि प्रथिनं हवीत. बांधावर मोटारसायकलनं जाऊन ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवून परत येणाऱ्या शेतमालकाला मात्र जरूर सांगा.

वेळ नाही, ही आपली अडचण खरी आहे. बाहेर तीस माणसं, एकेकाला तीन मिनिटं. पण हळदीची कॅप्सूल समजावून सांगायलाही तेवढीच मिनिटं जातात. तिच्यानं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. भाजीतली हळद कुणी काढून घेत नाहीये. माझ्या पॅडवर मी औषधांच्या वर चार ओळी छापून घेतल्या आहेत: काय, किती मिनिटं, कोणते दिवस, कुठे. भरायला अर्धं मिनिट लागतं. तुमच्याही छापखान्याला सांगा, त्यांना काही जास्त पैसे पडत नाहीत. आणि निरोगी, तक्रार नसलेल्या माणसाला सीआरपी असलेलं पॅकेज आपण होऊन सुचवू नका. आकडा कुठलाही आला तरी सल्ला हाच असेल तर रक्त काढायचं कशाला?

कळावे, लोभ आहेच.

तालुक्याच्या गावातला तुमचा एक सहव्यवसायी

ता. क. हे पत्र वाचून लगेच बूट घालणाऱ्या पेशंटांसाठी. ताप असताना, फ्लू किंवा कोविडसारखा आजार चालू असताना व्यायाम नको, अशा वेळी हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. ताप उतरून अंगात ताकद आली की हळूहळू सुरू करा. चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घेरी असं काही होत असेल तर आधी ईसीजी. शुगरसाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायाम वाढवण्याआधी डोस विचारून घ्या आणि खिशात साखर ठेवा. आणि सीआरपी करायचीच असेल तर मॅरेथॉननंतर, दात काढल्यावर किंवा सर्दी-तापात नको, त्यानंतर निदान दोन आठवडे जाऊ द्या.